एफट्रेस (लिनक्स कर्नलमधल्या फंक्शनांचा माग नोंदवणारं साधन) मध्येच थांबवून पुन्हा कसा सुरू करायचा?

प्रश्न: फंक्शन_ग्राफ ट्रेसर (कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं ते नोंदवणारा) लावलाय. हवा तो भाग जेमतेम 2 सेकंदांचा, पण नंतरच्या नोंदी येऊन तो पुसला जातो. ट्रेसर निवडायच्या करंट_ट्रेसर फाइलीत नॉप (म्हणजे कोणताच ट्रेसर नको) लिहिलं तर सगळंच गायब. नुसतं थांबवता येतं का?

उत्तर 1: ट्रेसर बदलू नका, बदलला की बफर (नोंदी साठवायची जागा) रिकामा होतोच. ट्रेसिंग_ऑन फाइलीत 0 लिहा, पुन्हा हवं तेव्हा 1. नोंदी जागेवर राहतात.

उत्तर 2: यात मेख आहे. 0 केल्यावर फक्त बफरमध्ये लिहिणं थांबतं, फंक्शनांना लावलेले हुक (माग घेणारे जोड) चालूच असतात. मशीन थोडं मंदच राहतं आणि त्या काळात वेग मोजलात तर आकडे फसवतात. म्हणून सेट_एफट्रेस_फिल्टर या फाइलीत मोजकीच फंक्शनं ठेवा.

उत्तर 3: हाताने 0 लिहीपर्यंत उशीर होतो हो! त्याच फिल्टर फाइलीत फंक्शनाचं नाव, कोलन, ट्रेसऑफ, कोलन, 1 असं लिहा. ते फंक्शन आलं की ट्रेसिंग आपोआप बंद, तेही एकदाच. मात्र लिहिताना दुहेरी बाण (>>) वापरा, एकेरीने (>) आधीची यादी पुसली जाते. बफर वाढवणार असाल तर बफर_साइझ_केबीतला आकडा दर सीपीयूमागे असतो: 8 सीपीयूंवर 10240 म्हणजे 80 एमबी गेले.