जतच्या हवेत गिला मॉन्स्टर पाळता येईल का?

माणदेशी_पोरगा (जत):
नमस्कार मंडळी. गावात साप, घोरपड निघाली की मलाच हाक मारतात. गिला मॉन्स्टर या अमेरिकेतल्या विषारी सरड्याबद्दल दोन वर्षं वाचतोय, आता एक जण पिल्लू देतो म्हणतोय. आमचा भाग दुष्काळी, कोरडा, म्हणजे वाळवंटी सरड्याला मानवेलच ना? चार फुटी काचेची पेटी, वाळू, १०० वॅटचा बल्ब एवढ्यात भागेल? विष कितपत बाधतं?

कृष्णाकाठची (सांगली):
भाऊ, अॅरिझोनातल्या एका प्राणिसंग्रहालयात सहा वर्षं माझ्याकडे दोन गिला होत्या. (उच्चार 'हीला'.)

वाळवंटातला म्हणजे ऊन सोसणारा, असं नाही. तो बहुतेक आयुष्य बिळात काढतो. अंग ३० अंशांच्या आसपास असलं की सुखात असतो. आम्ही दिव्याखालचा दगड ३२-३३ वर आणि पेटीचं दुसरं टोक २५ च्या आत ठेवायचो. तुमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यात लाईट गेली की काचेच्या पेटीची भट्टीच. बल्बआधी गारव्याचं बघा. लपायला दोन जागा हव्यात, एक किंचित ओलसर. पाण्याचं भांडं पसरट आणि जड.

खाणं कमी. चरबी शेपटीत साठते, रानात वर्षाला पाच-दहा मोठी जेवणंही पुरतात. जास्त घातलं की फुगतो. माझी थोरली, अंडं फोडून दिलं की दुभंगलेली जीभ बलकात बुडवून अर्धा अर्धा तास चाटत बसायची. अंगावर शाळूच्या कणसासारखे गच्च मणी, काळे आणि केशरी. तिला बघता बघता माझा डबा तसाच राहायचा.

आता विष. ग्रंथी खालच्या जबड्यात असतात आणि तो चावला की सोडत नाही. पाण्याचं भांडं उचलताना माझ्या सहकाऱ्याचा अंगठा धरला, दोघांनी मिळून जबडा उघडला. ओठ सुजले, उलट्या, रक्तदाब खाली. दोन दिवस आयसीयूत होता. २०२४ मध्ये कोलोरॅडोत घरी पाळलेल्या गिलाच्या चाव्यानं माणूस दगावलाय. यावर प्रतिविष नाही. आपल्याकडे मिळतं ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावरचं. मिरजेला कितीही लवकर पोचलात तरी ते चालणार नाही. घरात लहान मूल असेल तर विषयच सोडा.

सह्याद्री_वाटाड्या (कराड):
कागद मागा. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ पासून केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे, हात लावण्याआधी वनखात्याला फोन करत जा.

माणदेशी_पोरगा:
मागितले. "कागद कशाला?" म्हणाला. नाही म्हणून कळवलं त्याला. घरात पुतणी आहे तीन वर्षांची. ताई, अंडं चाटतानाचा व्हिडिओ आहे का?

कृष्णाकाठची:
जुन्या फोनमध्ये आहे. रात्री टाकते.