खानावळीची फ्रँचायझी द्यावी की आपलीच दुसरी शाखा काढावी?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)
बेळगावात टिळकवाडीला आमची मटण-भाकरीची खानावळ आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. कोल्हापूरचे एक गृहस्थ आणि हुबळीचे दोघे फ्रँचायझी मागत आहेत. नाव आमचं, मसाला आमचा. जागा, पैसा, माणसं त्यांची. सुरुवातीला एकरकमी फी आणि मग महिन्याच्या विक्रीवर सहा टक्के. भाऊ म्हणतो द्यायची नाही, कर्ज काढून शहापुरात आपणच दुसरी काढू.

माझं मत द्यावी असं आहे. कर्जाचा हप्ता आपल्या डोक्यावर, आणि दुसऱ्या गल्ल्यावर बसायला घरातलं माणूस लागतं. आमच्याकडे तसं कोणी उरलं नाही, मुलं शिकायला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. जंबोकिंग 2001 साली मालाड स्टेशनबाहेर वडापाव विकत सुरू झालं आणि फ्रँचायझीवर वाढलं. मग मटणानंच काय घोडं मारलंय? विरोधी मतं हवी आहेत. नुसतं 'शुभेच्छा' लिहिणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

खडेबाजार
सांगू काय, वडा कारखान्यात करून गोठवून पाठवता येतो. तळायला कालच लागलेला पोरगा चालतो. मटणाचं तसं आहे काय? रोज सकाळी बघून घ्यायचं. बकरं जून निघालं तर शिजायला वेळ जास्त, पाणी जास्त, मग रश्श्याचा अंदाज बदलला. हे तुमचा भाऊ हाताने करतो, कागदावर कुठं लिहिलंय? मसाला पोत्यातून कोल्हापूरला जाईल, भाऊ जाणार नाही. तुम्ही विकालाय काय ते आधी ठरवा.

टिळकवाडीकर
कागदावर नाही हे खरं, पण येऊ शकतं. दर किलोला मसाला किती, पाणी किती, कुकर की पातेलं, सगळं मोजून लिहिता येईल. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीचं प्रमाण आईच्या वहीत आहेच. तो मसाला आम्हीच कुटून देणार, प्रमाण कुणाला सांगणार नाही.

हिशेबवही
स्वयंपाकातलं मला कळत नाही, पण वरचे सहा टक्के मला खटकतात. समजा हुबळीवाल्याची महिन्याची विक्री 6 लाख. सहा टक्के म्हणजे 36,000. या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 6,480. साध्या हॉटेलला 5 टक्के जीएसटी लागतो, पण त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे हे 6,480 त्याला कुठंच वळते करता येत नाहीत. त्याच्या खिशातून 42,480 गेले, सात टक्क्यांच्या वर. खानावळीत भाडं, पगार, गॅस आणि मटणाचा रोज हलणारा भाव वजा करून मालकाच्या हातात किती उरतं हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

आणि रॉयल्टी विक्रीवर, नफ्यावर नव्हे. डिलिव्हरी ॲपवर सूट देऊन विक्री फुगवली तर तुमचा फायदा, तोटा त्याचा. इथेच भांडणं सुरू होतात. मग तो रोखीची विक्री बिलात घेत नाही आणि तुम्ही हुबळीला जाऊन त्याची रिकामी भांडी मोजत बसता.

मॅकडोनाल्ड्सचं उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. त्यांच्या फ्रँचायझी वाटणाऱ्या रे क्रॉकने 1955 ला सुरुवात केली तेव्हा तो विक्रीवर 1.9 टक्के घ्यायचा, त्यातले 0.5 मूळच्या मॅकडोनाल्ड भावांना जायचे. त्यावर कंपनीचा खर्च भागेना. खरा पैसा यायला लागला तो 1956 पासून, जागा स्वतः घेऊन चालवणाऱ्याला भाड्याने द्यायला लागल्यावर. तुम्ही कोल्हापुरात जागा घेणार आहात का?

निपाणी बायपास
हिशेबवहीकाका, हिशेब बरोबर आहे, पण उलटी बाजूही मांडा की. यांनी कोल्हापुरात स्वतःची शाखा काढली तर महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर घ्यावा लागतो, तिकडचं अन्न परवान्याचं काम, तिकडचे कामगार कायदे. इकडे पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, कागल आलं की मराठी लागतं. पाटीसुद्धा दोन. आम्ही निपाणीकर हे दोन्हीकडचे हेलपाटे ओळखून आहोत. फ्रँचायझीवाला तिथलाच असला की ही सगळी कटकट त्याची. यांनी इथून फक्त मसाला पाठवायचा, पाच टक्के जीएसटी लावून.

आणि रॉयल्टी मुळात घेऊच नका. मसाल्याच्या भावातच आपला नफा ठेवा. जितकं मटण विकेल तितका मसाला लागेल, गल्ला तपासायची गरज नाही.

हिशेबवही
मसाल्यात नफा ठेवणं हे रॉयल्टीपेक्षा बरं, मान्य. पण भाव फार चढवला की तो बाजारातून कांदा-लसूण मसाला आणून निम्मा मिसळणार. मग चव गेली, नाव तुमचं.

खडेबाजार
आणि कुणाचं पोट बिघडलं तर? परवाना त्याच्या नावावर, पेपरात नाव तुमचं.

कोर्ट आवार
वकिली करते म्हणून दोन गोष्टी. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत सही करण्याच्या किमान 14 दिवस आधी समोरच्याला सगळी माहिती लेखी द्यावी लागते. इथे जे करारात लिहाल तेच. त्यामुळे कुणाच्या तरी कराराची झेरॉक्स काढून नावं बदलू नका, तसली प्रकरणं पाहून कंटाळा आलाय.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. करार कायद्याच्या कलम 27 मुळे करार संपल्यानंतर 'तू पुन्हा हा धंदा करायचा नाहीस' ही अट सहसा टिकत नाही. करार चालू असताना टिकते. म्हणजे पाच वर्षांनी तोच माणूस, त्याच जागेत, त्याच आचाऱ्याला घेऊन स्वतःच्या नावाने खानावळ चालवू शकतो. तुम्ही फक्त नाव काढून घेऊ शकता, आणि तेही ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर सोपं जातं. नोंदवला आहे का? हॉटेल सेवेसाठी वर्ग 43, मसाल्यासाठी वर्ग 30. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये सरकारी फी. हे झाल्याशिवाय कोल्हापूरकरांना दुसरा चहासुद्धा पाजू नका.

टिळकवाडीकर
नोंदवलेला नाही. सोमवारी करतो. पण ताई, तो निघून जाईल ही भीती तर आचाऱ्याबाबतही असते. उडुपीवाल्यांचं बघा, वेटर म्हणून लागलेला पोरगा पुढे मालक झाला आणि गावोगावी हॉटेलं निघाली. त्यात कुणाचं नुकसान झालं?

कोर्ट आवार
उडुपी हे नाव कुणा एकाचं नाही, म्हणून कुणाचं नुकसान नाही. तुमच्या पाटीवर वडिलांचं नाव आहे.

शहापूर वेस
मी धाकट्या भावाच्या बाजूने. ज्यांनी फ्रँचायझी द्यायची त्यांनी आधी दुसरी शाखा स्वतः चालवून दाखवावी. एकच खानावळ चालते ती चवीमुळे, जागेमुळे की भाऊ गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो त्यामुळे, हे दुसरी काढल्याशिवाय कळत नाही. शहापुरात तोटा झाला तर तुमचा होईल, हुबळीत झाला तर एका परक्या माणसाची आयुष्याची कमाई जाईल. आणि मोठ्या नावांचंही ऐका: डॉमिनोजची भारतातली दुकानं ज्युबिलंट कंपनी स्वतः चालवते, गावोगावी वाटत बसत नाही.

टिळकवाडीकर
दुसरी काढायला माणूस नाही हाच तर माझा मुद्दा होता. पगारी मॅनेजर ठेवला तर भाऊ रोज तिकडे जाऊन बसणार आणि इथला रस्सा बिघडणार.

निपाणी बायपास
मग हुबळीवाल्यांपैकी एकाला आधी इथं तुमच्याच स्वयंपाकघरात उभं करा. पहाटे मटण घेण्यापासून रात्री पातेली घासेपर्यंत. टिकला तर द्या. फी भरायला तयार आणि घाम गाळायला नाही, असल्याला नको.

खडेबाजार
हे पटलं. पण त्या कोल्हापूरकराला एक विचारा की. तांबडा-पांढरा दाराशी असताना त्याला बेळगावचं नाव कशाला पाहिजे झालंय?

निपाणी बायपास
तिथं दर दुसऱ्या पाटीवर तांबडा-पांढराच आहे, म्हणूनच पाहिजे असणार.