मेथिओनीन आणि ल्युसीन वाढवूनही पेशींमध्ये केसीन का वाढत नाही?

प्रश्न (पेशीसंवर्धक): गाईच्या कासेतील एपिथेलियल पेशींवर, म्हणजे मॅक-टी या सेल लाइनवर, मी काम करीत आहे. डीएमईएम/एफ-१२ या पोषक माध्यमात १० टक्के सीरम (रक्ताचा द्रव भाग) घालून पेशी वाढवतो आणि त्यात मेथिओनीन व ल्युसीन ही अमिनो आम्ले मिसळतो. एस६के१ या प्रथिनाचे फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडले जाऊन सक्रिय होणे) किंचित वाढते, परंतु बीटा-केसीन हे दुधातील प्रथिन जवळजवळ तेवढेच राहते. ल्युसीन आणखी वाढवल्यास ते उलट घटते. यावरून पूरक आहाराचा उपयोग नाही, असे म्हणता येईल काय?

दुग्धरसायन: असा निष्कर्ष काढता येणार नाही. आपल्या माध्यमात मुळातच मेथिओनीन सुमारे ११५ मायक्रोमोलर असते. गाईच्या रक्तद्रवात ते साधारणपणे २० ते ३० मायक्रोमोलरच्या आसपास असते. म्हणजे आपण भरलेल्या पात्रातच आणखी ओतत आहात. अमिनो आम्लांचे प्रमाण रक्ताइतके ठेवलेले माध्यम बनवून, पेशींना काही तास अमिनो आम्लांविना ठेवून आणि डायलिसिस केलेले (म्हणजे अमिनो आम्लांसारखे लहान रेणू काढून टाकलेले) सीरम वापरून तुलना केल्यासच परिणाम स्पष्ट होईल.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. एस६के१ हा एमटॉर या पेशीतील संदेशमार्गाचा निदर्शक आहे आणि तो मार्ग पेशीतील एकूण प्रथिननिर्मितीला व पेशीवाढीला चालना देतो, केवळ केसीनला नव्हे. केसीनच्या जनुकांचे लेखन (त्यांच्यावरून आरएनए बनणे) प्रामुख्याने प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे सक्रिय होणाऱ्या स्टॅट५ या प्रथिनावर अवलंबून असते, त्यामुळे माध्यमात प्रोलॅक्टिन, इन्सुलिन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही संप्रेरके नसतील, तर अमिनो आम्ले कितीही दिली तरी भाषांतर करायला (म्हणजे त्यावरून प्रथिन बनवायला) पुरेसा आरएनएच उपलब्ध नसतो. शिवाय प्लास्टिकच्या तळावर वाढणाऱ्या पेशी आपली ध्रुवीयता (वरची व खालची बाजू वेगळी असण्याचा गुण) गमावतात; कोलॅजेन किंवा लॅमिनिनयुक्त आधारावर केसीननिर्मिती बरीच सुधारते. ल्युसीनच्या अतिरेकाने झालेल्या घटीचे एक संभाव्य कारण असे, की आयसोल्युसीन व व्हॅलीन हीदेखील त्याच वाहक प्रथिनाद्वारे पेशीत शिरतात आणि ल्युसीन त्यांची वाट अडवते.

ब्लॉटवाला: एक क्षुल्लक वाटणारी, पण जीवघेणी शंका: केसीन मोजण्याच्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीत, प्रथिने उतरवलेल्या पटलावरील रिकामी जागा झाकण्यासाठी स्किम्ड दुधाची पावडर तर वापरली नाही ना? त्यातील केसीनवर आपले केसीन ओळखणारे प्रतिपिंड आनंदाने चिकटते आणि सर्व नमुने सारखेच दिसू लागतात. त्याऐवजी अल्ब्युमिन वापरावे. स्रवलेले केसीन माध्यमात जात असल्याने तेही मोजावे, आणि रॅपामायसिन (एमटॉर रोखणारे औषध) दिलेला एक नियंत्रण-गट अवश्य ठेवावा.

चारा-आणि-रवंथ: आहाराविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. मुक्त मेथिओनीन खाऊ घातले, तर त्याचा मोठा भाग रुमेनमधील (गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव नष्ट करतात, त्यामुळे रुमेन-संरक्षित स्वरूप द्यावे लागते. तेही उत्पादन तेव्हाच वाढवते जेव्हा मेथिओनीनची खरोखर कमतरता असते. चयापचयक्षम प्रथिनात (आतड्यातून शोषले जाऊन गाईला प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या प्रथिनात) लायसीन व मेथिओनीन यांचे गुणोत्तर साधारण ३:१ ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. जिवंत गाईत कास स्वतःचा रक्तपुरवठा व अमिनो आम्लांचे शोषण गरजेनुसार बदलते, आणि हे पेशीपात्रात घडत नाही. रक्तातील ग्लुकोज स्थिर ठेवून गाईला इन्सुलिन दिल्यावर दुधातील प्रथिन वाढल्याचे प्रयोग आहेत, म्हणून आपल्या पुढील मांडणीत इन्सुलिनचा निराळा गट ठेवावा, असे सुचवतो.

पेशीसंवर्धक: पावडर दुधाचीच होती. माध्यम बदलून, तिन्ही संप्रेरके घालून मांडणी पुन्हा करीत आहे.