मेलबर्न १९५६: 'वॉकओव्हरवाले चौथे' म्हणणाऱ्यांना

कूपरेजकर
१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताकडून फुटबॉल खेळलेल्या नेव्हिल डिसूझाच्या नावानं मुंबईत एखादा पुतळा तरी व्हावा, असं मी काल लिहिलं. त्यावर 'आकडेमोड' यांनी एका ओळीत निकाल लावला: "अकरा संघांत चौथे, तेही वॉकओव्हर घेऊन. याचं कसलं कौतुक?" ते वाचून रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वॉकओव्हर मिळाला, खरं आहे. हंगेरीचा संघ आलाच नाही, म्हणून आपण न खेळताच पुढे गेलो. त्या नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले होते. पण ऑस्ट्रेलियानं तर वॉकओव्हर दिला नव्हता ना? १ डिसेंबर १९५६, यजमानांना त्यांच्याच देशात ४-२ हरवलं. तीन गोल नेव्हिलचे, चौथा किट्टूचा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल पहिला आशियाई. पुढे उपांत्य सामन्यात समोर युगोस्लाव्हिया. याच युगोस्लाव्हियानं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. मेलबर्नला मात्र पहिला गोल आपला, तोही नेव्हिलचाच. शेवटी ४-१ हरलो. पण हेलसिंकीपासून इथवर चार वर्षांत पोहोचणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी संघ बांधलाय त्याला विचारा. त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब, त्यांचं तर नावही आपण आत्ता आत्ता घ्यायला लागलो.

टाटाकडून खेळलेला आपला मुंबईचा नेव्हिल, आणि मुंबईतच कुणाला ठाऊक नाही. याची मला लाज वाटते.

आकडेमोड
मत बदलत नाही. सोळा संघांची स्पर्धा अकरांवर आली होती. पश्चिम युरोपातले पगारी खेळाडू ऑलिम्पिकला नव्हतेच. कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी खेळलो, ०-३ हरलो. हे सगळं गाळून नुसती हॅट्ट्रिक सांगायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

बार्देशकर
कूपरेजकर, बाकी सगळं मान्य. पण "आपला मुंबईचा" कुठून आणलंत? नेव्हिल गोव्याचा. आमची माणसं हॉकी खेळली, फुटबॉल खेळली, बँड वाजवले, जहाजांवर राबली, आणि नाव दर वेळी मुंबईचं.

गिरगावकर
गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. १९५६ ला नेव्हिल भारताकडून खेळला तो मुंबईच्या मैदानांवर घडून. बूट मुंबईत, नोकरी मुंबईत, क्लब मुंबईचा. तुमचं काय होतं त्यात?

बार्देशकर
आमचं काय होतं ते सांगतो. माझे आजोबा तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी. बोटीवरून उतरले की धोबीतलावच्या आमच्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे. भिंतीलगत ट्रंकांची रांग, त्याच ट्रंकांवर बसून जेवायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. सामना असला की तिथून चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर. आजोबांची ट्रंक आजही घरी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण आहे, कडा वाळवीनं खाल्लेल्या, फोटोत नेव्हिल. घरात दुसऱ्या कुणा खेळाडूचा फोटो कधी लागला नाही. मुंबईनं मैदान दिलं असेल, पण त्या मैदानाभोवती गर्दी कुणाची होती?

गिरगावकर
गर्दी आमचीही होती! माझे वडील गिरणीतली पाळी बदलून रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघायला जायचे. तुम्ही कुडीतून गेलात, आम्ही चाळीतून गेलो. ते स्वतःही खेळायचे. तेव्हाच्या बुटांना तळाला चामड्याचे गट्टू खिळ्यांनी ठोकलेले असायचे. झिजले की खिळा आतून तळपायाला टोचायचा. वडील आत पुठ्ठा घालून खेळायचे. म्हातारपणीही तळव्यावर खूण होती. मुंबईनं नुसतं मैदान दिलं म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे.

बार्देशकर
अपमानाची भाषा तुम्ही सुरू केलीत. "तुमचं काय होतं" हे वाक्य कुणाचं?

मैदानवाली
तुम्ही दोघं थांबाल का? मी शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. आमचं मैदान दर हिवाळ्यात लग्नाला भाड्यानं जातं. मंडप निघाल्यावर मुली आधी खिळे आणि पत्रावळी वेचतात, मग सराव. माझ्या एकाही मुलीला नेव्हिल डिसूझा माहीत नव्हता. मागच्या आठवड्यात सांगितलं, तर एकीनं विचारलं, "मॅडम, मग आपण पुढे का नाही गेलो?" याचं उत्तर द्या कुणीतरी. तो गोव्याचा की मुंबईचा, हे तिनं विचारलं नाही.

गिरगावकर
ठीक आहे. "तुमचं काय होतं" हे मागे घेतो. पण मुंबईचा हक्क सोडत नाही.

बार्देशकर
अर्धा ठेवा. कात्रणाचा फोटो रविवारी टाकतो.

आकडेमोड
मी काल जुने निकाल काढून बसलो. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघं: युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि नेव्हिल, प्रत्येकी चार. वॉकओव्हरच्या सामन्यात गोल मिळत नसतात, म्हणजे हे चारही त्यानं मैदानावरच केले. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. 'कसलं कौतुक' हे शब्द परत घेतो. पुतळ्याला मात्र विरोध आहे आणि राहील. तो पैसा मैदानवालींच्या मैदानाला कुंपण घालायला द्या.

कूपरेजकर
कुंपणाचा खर्च किती येईल, मैदानवाली? आकडा कळवा. फाटकावर नाव नेव्हिलचं लावायचं, एवढीच माझी अट.