ठाण्यातल्या वर्गात हिम कसे शिकवावे?

प्रश्न (ठाणे):
पदवीच्या तिसऱ्या वर्षाला मी भौतिकशास्त्रातील वातावरणविज्ञानाचा भाग शिकवते. बहुतेक मुलांनी हिमवृष्टी पाहिलेली नाही. त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे फ्रिजमधला खडा, त्यामुळे हिमाची घनता, जलतुल्य जाडी (हिम वितळल्यावर मिळणाऱ्या पाण्याची उंची), परावर्तनक्षमता (पडलेल्या प्रकाशापैकी परत जाणारा वाटा) हे शब्द ती पाठ करतात, पण त्यांचा अर्थ त्यांना लागत नाही. महागडी उपकरणे नसताना त्यांच्याकडून एखादे खरे मोजमाप करून घेता येईल का?

उत्तर १ (ऐरोली):
मॅडम, नक्की येईल. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये हिमावर काम करताना आम्ही खड्डा खणून, ठरावीक घनफळाच्या नळीने प्रत्येक थराचा नमुना घेऊन त्याचे वजन करत असू. तलावपाळीवरच्या गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणला तर हेच वर्गातही जमते. तो उभट डब्यात न दाबता भरावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, वितळू द्यावा आणि पाण्याची उंची मोजावी. ताज्या हिमाची घनता घनमीटरला साधारण १०० किलो असते, म्हणजे १० सेंटिमीटर थरातून १ सेंटिमीटर पाणी मिळते. किसलेला बर्फ याहून पुष्कळ जड भरेल, आणि तो का, हा प्रश्न मुलांनाच पडू द्यावा, कारण जुने, दबलेले हिम जड का होते याचे उत्तर त्यातच आहे. दुसरा प्रयोग उन्हातला: सारख्या वजनाच्या बर्फाच्या दोन ताटल्यांपैकी एकीवर चिमूटभर काजळी भुरभुरावी आणि दर दहा मिनिटांनी वितळलेले पाणी तोलावे. ताजे, स्वच्छ हिम ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत पाठवते. काजळीने काय घडते ते काट्यावरच दिसेल.

उत्तर २ (नेरूळ):
यात ढगांचीही भर घालावी. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर सुमारे ५ किलोमीटरवर तापमान शून्याखाली जाते. उणे १० अंशांना अतिशीत (शून्याखालीही न गोठलेल्या) पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावरचा त्या बाष्पाचा दाब, २.८६ हेक्टोपास्कल, तर बर्फावरचा २.६० असतो, या फरकामुळे थेंबांचे बाष्प होऊन हिमस्फटिक वाढतात आणि खाली येताना वितळतात. आपल्याकडचा पाऊस मुळात हिमच असतो, हे ऐकून मुले चकित होतील.

उत्तर ३ (डोंबिवली):
शेवटचे वाक्य सरसकट सांगू नये. उंच गडगडाटी ढगांबाबत ते खरे आहे, पण कोकण आणि सह्याद्रीवरचा बराचसा मोसमी पाऊस उथळ, उबदार ढगांतून, थेंब एकमेकांवर आदळून वाढल्याने पडतो.

उत्तर २ (नेरूळ):
दुरुस्ती मान्य आहे. दोन्ही प्रक्रिया शेजारी मांडून शिकवाव्यात.