‘दोघांनीही ऑस्करला हरवलं’ ही मोजपट्टी आता बासनात गुंडाळा

घंटानाद
कालची ती पोस्ट वाचून राहवलं नाही. मेवेदर आणि पॅकियाओ या बॉक्सरांत श्रेष्ठ कोण, यावरची. तिचा मुद्दा एवढाच: मेवेदरला ऑस्कर डी ला होयाविरुद्ध 12 फेऱ्या लागल्या, तोही विभागलेला निकाल (गुणपंचांचं एकमत नाही), पॅकियाओनं त्याच ऑस्करला 8 फेऱ्यांत स्टुलावर बसवलं. रिकी हॅटन या बॉक्सरला एकानं दहाव्या फेरीत पाडलं, दुसऱ्यानं दुसऱ्याच. म्हणून पॅकियाओ श्रेष्ठ, विषय संपला.

त्याच ऑस्करला? 5 मे 2007 चा ऑस्कर 154 पौंडांचा होता, वजनकाट्यावर मेवेदरपेक्षा 4 पौंड जड. 6 डिसेंबर 2008 चा ऑस्कर 145 पौंडांचा. मार्च 2001 नंतर तो वेल्टरवेटला, म्हणजे 147 पौंडांच्या गटात, लढलाच नव्हता. पस्तिशीत साडेसात वर्षं मागे जाऊन त्या गटात उतरलेला माणूस! नाव तेच, पाय वेगळे. 2007 ला पहिल्या सहा फेऱ्या त्याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) चालत होता, म्हणूनच निकाल विभागला. 2008 ला तो जॅब फेकायचा आणि हात परत यायच्या आत समोरून डावा सरळ ठोसा आलेला असायचा.

डावखुरा
तुम्ही अर्धाच तराजू दाखवताय. पॅकियाओ त्याच वर्षी जूनमध्ये 135 पौंडांच्या गटात लढला होता. पाच महिन्यांत दोन गट ओलांडून तो 147 ला आला. लढतीआधी सगळे ओरडत होते की एवढ्याशा माणसाला एवढ्या मोठ्याच्या तोंडी देताय. लढत संपली आणि तोच मोठा माणूस ‘सुकलेला’ ठरला. सोयीचं आहे.

आणि वजनापलीकडेही काही असतं. ऑस्कर मुळात डावरा, पण उभा राहायचा उजव्यासारखा. म्हणजे त्याची दोन्ही हत्यारं, जॅब आणि हूक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा), पुढच्या डाव्या हातात. समोर डावखुरा आला की त्याचा उजवा ग्लोव्ह जॅबच्या वाटेतच असतो. मग उत्तर एकच, मागच्या हाताचा सरळ उजवा. तोच ऑस्करचा सर्वांत अविश्वासू ठोसा. पॅकियाओ उजवं पाऊल ऑस्करच्या डाव्या पावलाबाहेर रोवायचा, सरळ डावा मारायचा आणि स्वतःच्या उजवीकडे निसटायचा. प्रशिक्षक फ्रेडी रोच 2007 ला ऑस्करच्याच कोपऱ्यात होता, 2008 ला पॅकियाओच्या. ऑस्कर कुठे अडखळतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तोच ऑस्कर 154 ला आणला असता तरी हे कोडं सुटलं नसतं.

घंटानाद
पावलांचं मान्य. पण मग तुम्हीच म्हणताय ना, की हा शैलीचा प्रश्न, श्रेष्ठत्वाचा नाही? जुने हेवीवेट घ्या: फोरमननं नॉर्टनला आणि फ्रेझरला प्रत्येकी दोन फेऱ्यांत झोपवलं. अलीला दोघांनीही हरवलं होतं. आणि 1974 ला किन्शासात अलीसमोर आठव्या फेरीत खाली कोण पडलं? फोरमनच.

तिसरा_पंच
आला फोरमन. कुठलाही धागा असो, तो येतोच. मूळ रोग गुणपत्रकांचा आहे, त्यावर कुणी बोलत नाही. 2004 ची पहिली पॅकियाओ-मार्केझ लढत घ्या. पहिल्याच फेरीत मार्केझ तीनदा खाली. रूढ हिशोबानं (फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, आणि पडला की दर वेळी एक कमी) 10-6. एका गुणपंचानं 10-7 दिले, नंतर चूक कबूल केली. त्याचं पत्रक 113-113 होतं. मार्केझचा तो एक गुण कापला की 113-112 आणि लढत पॅकियाओची. उरलेली दोन पत्रकं 115-110 अशी, एकेकाच्या बाजूनं. एका आकड्यानं बरोबरीचा विजय होतो आणि तुम्ही अशा निकालांची बेरीज-वजाबाकी करताय.

कोरडा_काटा
गुणपत्रक बाजूला ठेवा. वजन उतरवायला ऑस्करला पाणी काढून मारला, एवढंच खरं. सॉना, मीठ बंद, शेवटच्या दिवशी चूळ भरून थुंकायचं. असा माणूस दुसऱ्या दिवशी कसा लढणार?

डावखुरा
आकडे बघितलेत का? पाणी काढलेला माणूस रात्रीतून फुगतो. ग्लायकोजेनच्या (स्नायूत साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत स्नायूत साधारण तीन ग्रॅम पाणी परत येतं, वर मीठ आणि पेज. मोठ्या गटातला माणूस चोवीस तासांत सहज आठ-दहा पौंड चढवतो. प्रक्षेपणातल्या अनधिकृत काट्यावर त्या रात्री ऑस्कर 147 होता, म्हणजे फक्त 2 पौंड वर. पॅकियाओ 142 वरून साडे148 वर गेला. पाणी कुणी काढलं होतं मग?

घंटानाद
हे तर माझ्याच पथ्यावर पडतंय! पाणी गेलं असतं तर परत आलं असतं. परत आलं नाही, कारण गेलं ते मांस. महिनोन्‌महिने उपाशी सराव करून तो आधीच 147 च्या खाली बसला होता. हा निर्जलीकरणाहून वाईट प्रकार: शेवटच्या दिवशी सलाईन लावा, ओआरएस पाजा, परत आणायला काही उरलेलंच नसतं. नुसतं पाणी ढोसलं तर लघवीवाटे जातं. आठव्या फेरीनंतर ऑस्करच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक बेरिस्ताइननं थांबवलं ते दयेपोटी.

कोरडा_काटा
बरं, मिगेल कोट्टो? 147 चा विजेता 145 ला ओढून आणला. पॅकियाओच्या प्रत्येक मोठ्या विजयाला ठरवून घेतलेलं वजन चिकटलेलं आहे.

डावखुरा
प्रत्येक? हॅटन त्याच्या स्वतःच्या 140 ला होता, जिथे त्याला तोवर कुणी हरवलं नव्हतं. मेवेदरनं त्याला 147 ला गाठलं. आणि डावा हूक भरायला हॅटन हात खाली नेतो, हे पॅकियाओच्या उजव्या हूकनं पहिल्याच फेरीत दाखवलं. ठरवून घेतलेल्या वजनाबद्दल बोलायचंच तर मेवेदर-मार्केझ लढत काढू या. करार 144 चा. मार्केझ 135 वरून येऊन 142 भरला. मेवेदर 146 भरला आणि पौंडामागे 3 लाख, असे 6 लाख डॉलर मोजून मोकळा झाला. नियम मोडायची किंमत आधीच ठरलेली असेल तर त्याला नियम म्हणत नाहीत, भाडं म्हणतात.

घंटानाद
आवाज चढवू नका. मार्केझवर मी गप्प बसतो, हवं तर लिहून देतो. तुम्ही कोट्टोवर गप्प बसा. 2012 ला मेवेदरनं त्याला पूर्ण 154 ला घेतला, नाकातून रक्त येईपर्यंत मार खाल्ला आणि तरी एकमतानं जिंकला.

डावखुरा
कोट्टो तुमचा. नाइलाजानं.

तिसरा_पंच
एवढं भांडलात, पण शेन मोझली कुणी काढला नाही. दोघांनीही त्याला 147 लाच घेतला, 1 मे 2010 आणि 7 मे 2011. दोन्ही एकमतानं, दोन्ही एकतर्फी. सामाईक प्रतिस्पर्धी म्हणावा असा हा एकच. मेवेदरचे गुडघे त्यानं दुसऱ्या फेरीत वाकवले, पॅकियाओपुढे तिसऱ्या फेरीत स्वतः आडवा झाला आणि नंतर नुसता पळाला.

कोरडा_काटा
दुसऱ्या वेळी तो 39 चा होता.

तिसरा_पंच
झालं सुरू.