व्यसन ही हिशेब करून केलेली निवड मानता येईल का?

मुळशीकर:
गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली असा सिद्धान्त मांडला की व्यसनी माणूससुद्धा आजचे सुख आणि उद्याचे नुकसान यांचा हिशेब करूनच सेवन करतो. हे खरे असेल, तर सिगारेट पुढच्या वर्षी महागणार असे कळताच आजचाही खप घटायला हवा, कारण आजचे सेवन उद्याची गरज वाढवते. अमेरिकेतील सिगारेटच्या खपात या अंदाजाला काही आधार सापडलाही. तरीही मला हा सिद्धान्त अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण दारू सोडण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध आहे. ही गोळी घेतल्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि गोळी थांबवल्यावरही हा परिणाम काही दिवस टिकतो. हे ठाऊक असूनही जो माणूस सकाळी ती स्वतःहून घेतो, तो संध्याकाळी आपल्याला काय हवेसे वाटणार हे ओळखून स्वतःचेच हात बांधून ठेवत असतो. बेकर यांच्या हिशेबी ग्राहकाला याची गरजच पडायला नको. (घरच्यांनी ही गोळी चोरून जेवणात मिसळणे जिवावर बेतू शकते; मी रुग्णाने जाणूनबुजून घेतलेल्या गोळीविषयीच बोलतो आहे.)

अर्थविचार:
आपल्याच उदाहरणातून उलट निष्कर्षही निघतो. जो आपली ओढ आधी ओळखून तिच्यावर उपाय योजतो, तो विचारच करत असतो. १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे असताना सुमारे पाचवा हिस्सा सैनिक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते; मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. परिस्थिती बदलली आणि निवडही बदलली. व्यसनाला केवळ आजार ठरवले की त्या माणसाकडून काही अपेक्षा ठेवण्याचेच आपण सोडून देतो, आणि मला हा त्याच्यावरचा मोठा अन्याय वाटतो.

वैनगंगा:
ते सैनिक व्हिएतनाम मागे सोडून घरी गेले, पण आमच्याकडे व्यसनाची जागा आणि घर एकच असते. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर सहज मिळतो, आणि मी तो शाळकरी मुलांच्या तोंडात पाहिलेला आहे. त्या वयात तिसाव्या वर्षीच्या तोंडाच्या कर्करोगाचा हिशेब कोण करतो? दारूचे तर याहून बिकट आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी लागते. सकाळी त्याचे हात थरथरत असतात आणि पहिला घोट सुखासाठी नव्हे, ती थरथर थांबवण्यासाठी असतो. याला निवड म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, परंतु तिच्यातला दुसरा पर्याय किती यातनामय आहे, हेही त्याच वाक्यात सांगावे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या बायकांची मागणी होती, कारण नवऱ्याच्या निवडीची किंमत त्या मोजत होत्या.

अर्थविचार:
त्या मागणीबद्दल मला आदर आहे. मात्र शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीने ओढ संपत नाही. माल चोरट्या मार्गाने येतो, त्याची प्रत कोणी तपासत नाही, आणि गरीब माणसाच्या वाट्याला सर्वांत घातक दारू येते.

मुळशीकर:
बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये कर येतो, आणि या वादाचे खरे महत्त्व तिथेच आहे. बेकर यांचे म्हणणे मानले तर सिगारेटवरचा कर इतरांना होणाऱ्या उपद्रवापुरताच न्याय्य ठरतो, कारण सिगारेट ओढणाऱ्याने स्वतःचे नुकसान आधीच हिशेबात धरलेले असते. जोनाथन ग्रुबर आणि बोटोंड कोसेगी यांनी २००१ मध्ये दाखवले की माणूस पुढचा विचार करत असला तरी समोर आलेल्या सुखाला तो वाजवीपेक्षा जास्त वजन देतो, असे एवढेच मानले तरी करात त्याचे स्वतःचे नुकसानही धरावे लागते आणि तो बराच वाढतो. म्हणजे किमतीचा परिणाम होतो, हे अर्थविचार यांचे म्हणणे मान्य करूनही व्यसनी माणूस आपल्या हिताचा पूर्ण हिशेब करतो असे सिद्ध होत नाही. वैनगंगा यांनी सांगितलेल्या शाळकरी मुलाच्या बाबतीत तर मी कराबरोबर पानठेल्यावरच्या विक्रीवर कडक नियंत्रणही मागेन, कारण ज्याने अजून हिशेबाला सुरुवातच केलेली नाही त्याच्या निवडीचा आदर करण्याचा प्रश्न मला तिथे दिसत नाही.